तुळई की तोरण?

दहावीच्या मराठीच्या पेपरात कथालेखनाचा प्रश्न येतो. कधी अर्धी गोष्ट देऊन पुरी करायला सांगतात, कधी मुद्दे देतात, कधी नुसते शब्द. समजा, शब्द आहेत शेतकरी, विहीर, पोपट आणि पाऊस. एखादा मुलगा लिहितो : एका गावात एक शेतकरी होता, त्याच्या शेतात विहीर होती, विहिरीजवळच्या झाडावर पोपट राहत असे, एके दिवशी खूप पाऊस पडला. शब्द चारही आले, गोष्ट काही आली नाही. एखादी मुलगी लिहिते की पावसात पाय घसरून शेतकरी विहिरीत पडला, त्याची हाक कुणाला ऐकू गेली नाही, पण काठावरच्या पोपटानं ती उचलली आणि त्याच आवाजात गावभर हाका मारत फिरला. इथे एकही शब्द काढता येत नाही. दोन उत्तरांत फरक आहे हे तपासणाऱ्या बाईंना पहिल्या वाचनात कळतं. तो फरक नेमका कुठे आहे हे सांगायला बसलं की मात्र पंचाईत होते. बाईंना सांगावं लागत नाही, कारण पुढचा गठ्ठा वाट पाहत असतो. ज्यांना सांगावंच लागतं अशा परीक्षकांबद्दल हे प्रकरण आहे.

मागच्या प्रकरणांत आलेला भूमिकांचा खेळ थोडक्यात आठवू या. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण ‘डंजन मास्टर’ होतो, म्हणजे जग तो उभं करतो : समोर काय दिसतं, दाराआडून कसला आवाज येतो, म्हातारी काय म्हणते. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि आपण काय करतो ते सांगतात. जिथे यश नक्की नाही तिथे फासा टाकतात, बहुतेक वेळा वीस बाजूंचा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 साली निघाला तेव्हा त्याच्या पहिल्या हजार प्रती खपायलाही वेळ लागला होता. आज पुण्या-मुंबईतल्या बोर्ड गेम कॅफेंत शनिवारी संध्याकाळी हा खेळ मांडलेला दिसतो.

डंजन मास्टरच्या हातात जो कागद असतो त्याला ‘ॲडव्हेंचर’ म्हणतात. आपण साहस म्हणू. साहस म्हणजे कथा नव्हे, हे आधी पक्कं करून घ्यायला हवं, कारण परीक्षणातल्या निम्म्या चुका इथूनच होतात. कथेत नायक काय करणार हे लेखक ठरवतो. साहसात ते खेळाडू ठरवतात आणि लेखक त्या वेळी खोलीतही नसतो. त्यानं फक्त जागा, माणसं, त्यांचे हेतू, धोके आणि परिणाम मांडून ठेवायचे असतात. कथा घडते ती टेबलावर, आणि दर टेबलावर वेगळी.

सुरुवातीच्या स्पर्धांत साहस हे मोजमापाचं साधन असे. 1975 साली बाल्टिमोरला झालेल्या ‘ओरिजिन्स’ मेळाव्यात गायगॅक्सनं ‘टूम ऑफ हॉरर्स’ नावाची एक जीवघेणी समाधी रचून आणली. अनेक गटांनी तीच समाधी खेळायची आणि सर्वांत पुढे कोण पोचतं ते बघायचं. 1979 च्या ‘ओरिजिन्स’साठी हॅरल्ड जॉन्सन आणि जेफ लीसन यांनी एक मंदिर रचलं, त्यात विषारी वायू भरत जातो, म्हणून खेळाडूंना घड्याळाकडे बघत बाहेर पडावं लागतं. पुढच्या वर्षी ते छापलं तेव्हा सोबत गुणतक्ताही दिला. या स्पर्धांत परीक्षा खेळाडूंची होती. साहस रचणाऱ्याची परीक्षा घ्यावी हे नंतर सुचलं, आणि त्याची प्रेरणा आली चक्क स्वयंपाकघरातून.

1993 साली जपानच्या फुजी टीव्हीवर एक कार्यक्रम सुरू झाला. जगभर तो ‘आयर्न शेफ’ नावानं ओळखला गेला. दोन आचारी समोरासमोर, मुख्य जिन्नस ऐन वेळी उघड होणार, तासाभरात त्याच जिन्नसाचे अनेक पदार्थ करायचे आणि परीक्षक चाखणार. भूमिकांचे खेळ खेळणाऱ्यांनी हा साचा पुढे उचलला. 2002 साली ‘गेम शेफ’ सुरू झाली, तीत दिलेल्या घटकांवरून अख्खा नवा खेळच रचायचा होता. ‘आयर्न डीएम’ (डीएम म्हणजे डंजन मास्टर) या स्पर्धेत साहस रचायचं असतं. दोन स्पर्धकांना एकाच वेळी घटकांची यादी मिळते, ठरलेल्या तासांत आणि ठरलेल्या शब्दांत सगळे घटक वापरून साहस लिहायचं, परीक्षक दोन्ही वाचून एकाला पुढच्या फेरीत पाठवतात. घटक म्हणजे नुसती नामं नसतात. ‘वाटाड्या’ असं न देता ‘नाखूश वाटाड्या’ असं देतात. त्या विशेषणातच खरी मेख असते.

रत्नागिरीच्या माणसाला हे सगळं फार परकं वाटायचं कारण नाही. गणपतीच्या दिवसांत जाखडी नाचाच्या बाऱ्या होतात, त्यांत शक्तीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष उभे राहतात. शक्तीवाले म्हणजे कलगीवाले, ते प्रकृतीचा मोठेपणा सांगणार. तुरेवाले शिवाचा, पुरुषतत्त्वाचा. परंपरा असं सांगते की तुकनगीर गोसावी आणि शाह अली फकीर यांच्यात हा वाद रंगला, आणि चंदेरीच्या राजानं खूश होऊन एकाला आपल्या मुकुटावरचा तुरा दिला, दुसऱ्याला कलगी. इतिहास म्हणून यावर किती भार टाकायचा ते ज्यानं त्यानं ठरवावं; कोकणातल्या शाहिरांना ही कथा पुरते. गण झाला, गवळण झाली की सवाल-जवाब सुरू होतात. एका शाहिरानं पुराणातला एखादा पेच गाण्यातून टाकायचा, दुसऱ्यानं तो गाण्यातूनच सोडवायचा. सामना कुणी मारला हे पटांगणात बसलेली माणसं ठरवतात. सवालाला हात न लावता भलतंच झकास पद म्हणणारा शाहीर त्यांना बरोबर कळतो. टाळ्या पडतात, पण त्या आवाजाला. चहाच्या टपरीवर दुसऱ्या दिवशी बोलणं निघतं ते ‘जवाब दिला नाही’ याचंच.

खाली सिंधुदुर्गात दशावतार आहे. तो भूमिकांच्या खेळाच्या आणखी जवळ जातो, कारण दशावतारी नाटकाला लिखित संवाद नसतात. आख्यान ठरतं, प्रवेशांचा क्रम सांगितला जातो, आणि रंगभूषा करून राजा, राक्षस, ऋषी बाहेर येतात ते आपापले शब्द तिथल्या तिथे घडवत. समोरच्यानं अनपेक्षित काही टाकलं तर ते पेलायचं, आणि आख्यानही शेवटपर्यंत न्यायचं. मात्र तिथे शेवट ठरलेला असतो. संकासुर वेद पळवणार आणि मारला जाणार. साहसात संकासुराशी तह करायचा पर्यायही उघडा ठेवावा लागतो.

आणि फार जुनं उदाहरण हवं असेल तर समस्यापूर्ती आहेच. बल्लाळाच्या ‘भोजप्रबंधा’त भोजराजा कवींपुढे श्लोकाचा एक चरण टाकतो, त्यात अर्थ असा काहीच नाही, नुसता ठणठणाट. कालिदास उरलेले तीन चरण रचतो : राजाच्या स्नानाचं पाणी नेणाऱ्या तरुणीच्या हातून सोन्याचा घडा सुटतो आणि पायऱ्या पायऱ्यांवरून खाली जातो. चौथा चरण म्हणजे त्या घड्याचा आवाज. (खरा कालिदास आणि खरा भोज यांच्यात काही शतकांचं अंतर आहे. सोळाव्या शतकातल्या बल्लाळाला त्याची फिकीर नव्हती आणि आपणही करू नये.) दिलेल्या घटकाचं याहून चोख काम मी वाचलेलं नाही. तो ठणठणाट आधी निरर्थक होता, श्लोक पुरा झाल्यावर तो तिथे असणं भागच ठरतं.

तर परीक्षकाचा पहिला प्रश्न हा : दिलेला घटक या साहसात तुळई आहे की तोरण? तोरण काढलं तर दार बोडकं दिसतं, पण घर उभं राहतं. तुळई काढली तर छप्पर खाली येतं. वाचताना प्रत्येक घटकावर बोट ठेवून तो मनातल्या मनात काढून टाकायचा आणि काय पडतं ते बघायचं. काहीच पडत नसेल तर स्पर्धकानं तो घटक वापरलेला नाही, नुसता उल्लेखलेला आहे.

दुसरा प्रश्न अधिक त्रासदायक असतो. घटक काढला तर साहस पडतं हे खरं, पण त्याच्या जागी दुसरं काही ठेवलं तर? ‘फुटका शंख’ दिलाय आणि साहसात त्या शंखानं गुप्त दार उघडतं. शंख काढला तर दार उघडणार नाही, म्हणजे तुळई आहे. पण शंखाऐवजी किल्ली ठेवली तरी दार उघडेलच. मग शंखाचं शंखपण कुठे गेलं? आणि तो फुटका असण्याचा काय संबंध? विशेषणाचं काम झालं पाहिजे. हा अदलाबदलीचा प्रश्न बऱ्याच चांगल्या साहसांना आडवा करतो.

तिसरा प्रश्न केवळ साहसालाच लागू पडतो, कथेला नाही. घटक खेळाडूंच्या वाट्याला येतो का? स्पर्धकांना पूर्वपीठिका लिहायला फार आवडतं. शंभर वर्षांपूर्वी काय झालं, कुणी कुणाला शाप दिला, कोणतं घराणं कसं बुडालं. वाचताना हे सगळं छान वाटतं, पण वाचतो फक्त डंजन मास्टर. खेळाडू गुहेत शिरतात, राक्षस मारतात, बाहेर पडतात; शापाची त्यांना गंधवार्ता नसते. पूर्वपीठिकेत पुरलेला घटक कितीही भारवाहू असला तरी मी त्याला अर्धेच गुण देईन. काही परीक्षक पूर्ण देतात. त्यांच्याशी माझं पटत नाही.

आता हे प्रश्न लावून बघू. घटक मीच ठरवतो, आणि तेही रत्नागिरी जिल्ह्याच्या मातीतून, म्हणजे वाचकाला प्रत्येक घटकाचा मूळ जिन्नस माहीत असेल.

पहिला घटक, तीन वर्षांनी येणारं पाणी. राजापूरजवळ उन्हाळे गावी गंगा प्रकटते, चौदा कुंडं भरतात, काही काळानं पाणी जातं. साधारण तीन वर्षांनी ती येते असा समज आहे, अलीकडे मात्र ती वेळापत्रक फारसं पाळत नाही. दुसरा, हद्दपार राजा. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला 1885 साली इंग्रजांनी पदच्युत केलं, 1886 मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं आणि 1916 साली तो इथेच वारला; समुद्राकडे तोंड करून असलेला त्याचा वाडा त्याला मिळाला तेव्हा आयुष्याची जेमतेम सहा वर्षं उरली होती. तिसरा, उत्तर न दाखवणारी सुई. राजापूर तालुक्यात देवाचे गोठणे इथल्या सड्यावर माणसाची आकृती कोरलेलं कातळशिल्प आहे. त्याच्या आसपास होकायंत्राची सुई भरकटते. 2022 साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणातली जी कातळशिल्पं गेली त्यांत हेही आहे. चौथा, मुका राखणदार. राखणदार, म्हणजे गावाची राखण करणारं दैवत, हे कोकणात समजावून सांगावं लागत नाही. पाचवा, फुटका शंख. सहावा, उसनी पालखी. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, बसते, जमिनीत पुरून ठेवलेला नारळ शोधून काढते, त्याला खूण काढणं म्हणतात. देवाची पालखी उसनी देणं म्हणजे काय, हे ऐकूनच इथल्या माणसाच्या कपाळाला आठी पडेल. घटक असाच हवा.

समजा, या सहा घटकांवर तीन साहसं आली.

पहिल्याची भाषा सुरेख आहे. समुद्राकाठी पडका वाडा, त्यात पूर्वी एक हद्दपार राजा राहून गेला. आता तिथे पिशाच्चांचा वावर आहे. दारावर मुका राखणदार, गळ्यात फुटका शंख. खेळाडूंकडे सुई आहे, ती उत्तरेऐवजी पिशाच्चांकडे वळते. माजघरात उसनी आणलेली पालखी, तीत खजिना. तळघरात दर तीन वर्षांनी पाणी भरतं, आज ते भरणार आहे. वाचून अंगावर काटा येतो, आणि घाईत वाचणाऱ्या परीक्षकाचं मत इथेच जाईल. आता बोट ठेवू. शंख काढला, काही पडलं नाही. राखणदार बोलका केला, तरी चालतं. खेळाडू त्याला मारूनच आत जाणार आहेत. पालखी कुणाची, कुणी उसनी आणली, परत का केली नाही, काही नाही. तिच्याऐवजी पेटारा ठेवला तरी खजिना तसाच राहील. राजा शंभर वर्षांपूर्वीच मेलाय. सुईचं काम आहे, पण तेही जरा ओढूनताणून. पाणी घड्याळाचं काम करतं. सहापैकी तुळया दोन, त्याही बारीक.

दुसऱ्या साहसात घटक सगळे पक्के बसलेत. राखणदार मुका आहे, कारण त्यानं पालखीचं गुपित न फोडण्याची शपथ घेऊन स्वतःचा आवाज शंखात कोंडला. शंख फुटला तसा आवाज निसटला, आणि तीन वर्षांनी येणाऱ्या पाण्याच्या खळखळाटात तो ऐकू येतो. म्हणजे गुपित कळायचं तर त्या पाण्यापाशी त्याच दिवशी कान लावायला हवा. पाण्याला दुसरं काही पर्यायी नाही, शंख फुटकाच हवा, राखणदार मुकाच हवा. तीन घटक एका गाठीत. मी हे वाचताना पेन्सिल खाली ठेवली असती. पण पुढे काय होतं? खेळाडूंना आवाज सांगतो, राजाकडे जा. राजा सांगतो, सुई घ्या. सुई सांगते, सड्यावर जा. सड्यावर पालखी मिळते, ती देवळात न्यायची. मध्ये कुठेही खेळाडूंनी ‘नाही’ म्हटलं तर काय, याची एक ओळही नाही. राजाला सुई द्यायची नसेल तर? खेळाडूंनी ती चोरली तर? खेळणाऱ्यांच्या भाषेत याला रूळ टाकणं म्हणतात. गाडी सुंदर गावांतून जाते, पण स्टेअरिंग नाही.

तिसऱ्याची मांडणी राकट आहे, दोन ठिकाणी वाक्यंही अपुरी. कल्पना अशी. हद्दपार होऊन आलेल्या राजाला आपल्या मेलेल्या देवाची मिरवणूक काढायची होती. त्यानं गावाकडे पालखी उसनी मागितली. राखणदारानं दिली, आणि उसनवारीची खूण म्हणून आपला शंख दोन तुकडे करून अर्धा राजाकडे ठेवला. राखणदाराचा आवाज शंखातच असतो, त्यामुळे त्या क्षणी तो मुका झाला. म्हणून पालखी कुणाकडे आहे हे गावाला तो सांगू शकत नाही. दर तीन वर्षांनी पाणी आलं की पालखीला स्नान घडायला हवं. दोन खेपा चुकल्या आहेत, ही तिसरी. राजाकडे एक सुई आहे, ती मायदेशाची दिशा दाखवते असं तो समजतो. प्रत्यक्षात ती पालखीच्या दिशेनं वळते. पालखी त्याच्याच वाड्याच्या तळघरात असल्यामुळे वाड्यात सुई नुसती गरगरते, आणि राजाला वाटतं, देश चहूकडून बोलावतोय. खेळाडूंनी पालखी वाड्याबाहेर काढली की सुई पहिल्यांदाच एका जागी स्थिर होते. म्हातारा राजा हातात सुई घेऊन त्यांच्यामागून निघतो, कारण अखेर त्याला घरची वाट दिसली आहे.

राजाला खरं सांगायचं की नाही, हे साहस ठरवत नाही. चार ओळींत चार शक्यता लिहून सोडून देतं. सांगितलं तर राजा शंखाचा तुकडा समुद्रात फेकू शकतो, मग राखणदार कायमचा मुका. नाही सांगितलं तर राजा देवळापर्यंत येतो आणि तिथून हलत नाही. पालखी तिथेच ठेवून राजाला आणखी तीन वर्षं दिली तर गावाचं पाणी जातं. किंवा खेळाडू चौथं काही करतील, त्यासाठी राजाला, राखणदाराला आणि गावकऱ्यांना नेमकं काय हवंय ते एकेका वाक्यात दिलेलं आहे. डंजन मास्टरला हेच लागतं.

या साहसाची आणखी एक गंमत रत्नागिरीच्या परीक्षकालाच दिसेल. शिमग्यात पालखी खूण शोधते. इथे खूण, म्हणजे सुई, पालखीला शोधते. स्पर्धकानं रीत उलटी करून वापरली आहे. पण सावध राहायला हवं. ही मजा परीक्षकाच्या डोक्यात आधीपासून असलेल्या माहितीमुळे येते, कागदावर ती नाही. विस्कॉन्सिनमधल्या परीक्षकाला पालखी म्हणजे केवळ खांद्यावरून नेण्याची गाडी वाटेल आणि त्याचा निवाडा चुकीचा ठरणार नाही. स्पर्धकाच्या खात्यात जमा करायचं ते कागदावरचं. आपल्याकडून घातलेली भर वेगळी ठेवावी लागते, आणि हे वाटतं त्यापेक्षा फार अवघड जातं, विशेषतः स्पर्धक आणि परीक्षक एकाच मुलखातले असले की.

तिसऱ्यातही भोक आहे. अदलाबदलीचा प्रश्न पाण्याला लावून बघा. पाण्याच्या जागी तीन वर्षांनी येणारी जत्रा ठेवली तरी साहसाचं काही बिघडत नाही. मुदत हवी होती, ती मिळाली, पाण्याचं पाणीपण कुठेच कामाला आलं नाही. गमतीचा भाग म्हणजे दुसऱ्या साहसानं नेमका हाच घटक सर्वांत चांगला वापरला होता. स्पर्धेत असं होतंच. म्हणून घटकागणिक गुण मांडून बेरीज करायची की एकूण परिणामाकडे बघायचं, यावर परीक्षकांत कायम दोन तट असतात. बेरीज केली तर दुसरं साहस जिंकतं. मी बेरीज करत नाही. घटक ही प्रवेशाची अट आहे, ती पाळल्यावर मी बघणार की हा कागद हातात घेऊन शनिवारी रात्री कुणी खेळ चालवू शकेल का.

कामाच्या काही गोष्टी उरतात. स्पर्धकांची नावं झाकावीत. शब्दमर्यादा ओलांडली असेल तर मर्यादा संपते तिथेच वाचन थांबवावं, मग शेवट कितीही भारी असो. ज्यानं मर्यादेत बसवायला आपला आवडता प्रसंग कापला त्याच्यावर नाहीतर अन्याय होतो. दोन साहसं असतील तर एका परीक्षकानं एक आधी वाचावं आणि दुसऱ्यानं दुसरं, कारण त्याच सहा घटकांची पहिली मांडणी डोक्यात घर करते आणि दुसरी तिची नक्कल वाटू लागते. नाट्यस्पर्धांच्या परीक्षकांना हे चांगलं ठाऊक असतं, पण त्यांचा इलाज नसतो, नाटक सगळ्यांना एकाच वेळी बघावं लागतं. आणि निकाल लेखी द्यावा, घटकवार. हरलेल्याला ‘कल्पना छान, पण थोडी कमी पडली’ असं कळवणारा परीक्षक मला तरी चालणार नाही. शंख कुठे तोरण झाला ते त्याला पान आणि परिच्छेद दाखवून सांगायचं.

परीक्षक तीन असावेत. आपल्या उदाहरणात दोघांनी तिसऱ्या साहसाला मत दिलं असं धरू. उरलेल्या परीक्षकानं दुसऱ्याला दिलं, आणि तो भोळा नाही. त्याचं म्हणणं असं की टेबलावर पहिल्यांदाच खेळ चालवणारा एखादा कॉलेजचा मुलगा असेल तर तिसऱ्या साहसातल्या चार शक्यता बघून त्याची गाळण उडेल. राजा मध्येच रडायला लागला, खेळाडू पालखी विकायला निघाले, की तो काय करणार? रूळ असलेलं साहस त्याला मुक्कामाला नेईल, चार मित्रांना मजा येईल आणि पुढच्या शनिवारी ते पुन्हा जमतील. शिवाय पाण्यातून ऐकू येणारा हरवलेला आवाज हा तिन्ही साहसांतला एकमेव प्रसंग आहे जो खेळाडू वर्षभरानंतरही एकमेकांना सांगतील. या मताला माझ्याकडे पुरं उत्तर नाही. निकाल दोन विरुद्ध एक असा जाहीर करायचा, आणि निकालपत्रात हे मत बहुमताच्या शेजारी, त्याच टाइपात छापायचं.